सात नंबरची फुंकर

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज दिलेल्या अहवालाची नक्कल. मूळ प्रत अधीक्षक साहेबांकडे.

१. जुलै व ऑगस्टमध्ये बंद केलेल्या काडतुसांच्या वीस पेट्या काल तपासणीसाठी उघडल्या.
२. अकरा पेट्यांतली आर्द्रता-पट्टी निळ्याची गुलाबी झाली होती, म्हणजे आत ओल होती. नऊ पेट्यांतली निळीच होती.
३. गुलाबी पट्टीच्या चार पेट्यांत काडतुसांच्या पितळेवर हिरवट ठिपके आढळले.
४. उघडण्याआधी सर्व पेट्या कोमट पाण्यात बुडवून पाहिल्या. एकीतूनही बुडबुडा आला नाही. म्हणजे ओल नंतर शिरलेली नाही. पेटी बंद होतानाच ती आत होती.
५. अकराही पेट्यांच्या झाकणावर सात नंबरचा शिक्का आहे.
६. सात नंबरचा धारक झाकण बसवण्याआधी पेटीच्या तोंडाच्या रबरी कडीवर फुंकर मारतो. हे मी तीन वेगवेगळ्या दिवशी पाहिले.
७. श्वासात पाण्याची वाफ असते.
८. सात नंबरच्या धारकास पेट्या बंद करण्याच्या कामावरून दूर करावे आणि त्याने आजवर बंद केलेल्या पेट्या तपासाव्यात, अशी शिफारस आहे.

आठ मुद्दे, एक पान. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, इतका नेटका अहवाल या टेबलावर कधी आला नव्हता. मला बरं वाटलं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे लिहिण्याची सोय नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सात नंबर म्हणजे झाकणकाका. सगळा पॅकिंग विभाग त्यांना याच नावाने हाक मारतो. एकतीस वर्षं पेट्यांना झाकणं लावली, म्हणून पडलं असावं. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार आहेत.

साहेबांनी त्यांना बोलावलं आणि मला मुद्दे वाचून दाखवायला सांगितलं. सहाव्या मुद्द्याला काकांनी मान हलवली. हो, मारतो फुंकर. का, तर ब्रशने कडी पुसली की ब्रशचाच केस मागे राहतो, आणि तो ब्रशने जात नाही. एवढंच बोलले. तोंडात लवंग होती, ती त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

मग खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. करंगळीएवढा पोलादी दांडा, डोकं हातोडीने चेपून फुलासारखं पसरलेलं. पेटी बंद झाली की झाकणाच्या कोपऱ्यावर तो ठोकायचा, म्हणजे कुणी बंद केली ते कायमचं कळतं. इथे रीत अशी आहे की धारक निवृत्त झाला की शिक्का त्याला देतात आणि तो घरी नेतो. पण शिक्का काढून घेतला गेला, तर तपास संपेल त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लोहार तो ऐरणीवर ठेवून छिन्नीने त्याचे दोन तुकडे करतो. ही रीत मला आज कळली. अहवाल लिहिण्याआधी कळली असती तरी अहवाल तोच राहिला असता.

दारात काका थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, पिशव्यांना उघड्यावर झोपवू नका. बाकी तुम्ही शिकलेल्या आहात."

पेट्यांत घालायच्या पिशव्यांविषयी लेकरांसारखं बोलत होते. वय झालं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

घरात ओल फार. आईच्या छातीसाठी शेगडीवर दिवसभर पाणी उकळत असतं, भिंती घामेजतात, माझ्या पुस्तकांची पानं लाटांसारखी होतात. मी खिडकी उघडते, आई लावते. यावर आमचं भांडण होत नाही. आम्ही दोघी खिडकीशीच बोलतो.

आज काचेवर वाफ धरली होती. आई म्हणाली, लहानपणी मी काचेवर फुंकर मारून बोटाने आकडे लिहायचे आणि ते विरेपर्यंत बघत राहायचे. मला आठवत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काकांच्या जागी बारा नंबर आला. तरुण, नीट माणूस. फुंकर मारत नाही, ब्रश दोनदा फिरवतो. काम संथ पण शिस्तीत.

या विभागात आता सगळं माझ्या मनासारखं आहे. प्रत्येक पेटीत सिलिका जेलची एक पिशवी जाते. पेटीतली ओल शोषून घेणं एवढंच तिचं काम. पिशव्या आधी रात्रभर भट्टीत वाळवतात. जुलैपर्यंत काका त्या भट्टीतून काढून एका गंजक्या डब्यात कोंबायचे. गरम वस्तू काडतुसांजवळ नको हा नियमच आहे, शिवाय तो डबा विभागाच्या कुठल्याच आराखड्यात नव्हता. मी तो भंगारात काढला. आता पिशव्या बाहेरच्या बोळात, खिडकीखाली, उघड्या जाळीवर रांगेत गार होतात आणि लागतील तशा आत जातात. सकाळी धुकं खिडकीपर्यंत येतं तेव्हा त्या पांढऱ्या रांगेकडे बघत राहावंसं वाटतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

स्वप्नांची नोंद मी ठेवत नाही. आज अपवाद.

डोंगराच्या पोटातली आमची कोठारं. पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत. मी हातात यादी घेऊन चालते आहे आणि प्रत्येक पेटीचं झाकण अगदी थोडं, केसभर, वर उचललं जातं आणि खाली बसतं. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. मी मोजते आहे. मिनिटाला चौदा.

जागी झाले तेव्हा आईचा श्वास ऐकू येत होता. तोही चौदा. स्वप्न तिथूनच आलं असणार.

सोमवार, २० ऑक्टोबर

शिफारशीचा दुसरा भाग आज सुरू झाला. काकांच्या जुन्या पेट्या उघडायच्या, आणि त्या माझ्या देखरेखीखाली.

सर्वात आतल्या कोठारात सर्वात जुन्या. लोखंडी दारामागे वाट वळत जाते, भिंतींना चुना, आणि पावलांचा आवाज थोडा उशिरा परत येतो, जणू मागून कुणी माझ्याच मापाची चप्पल घालून येतं आहे. तिथे दिवस कळत नाही. सगळं थांबलेलं, पण मेलेलं नाही. कशाची तरी वाट बघणाऱ्या खोलीत असतं तसं.

पहिली पेटी बावीस वर्षांपूर्वीची. झाकणावर सात. पाण्यात बुडवली, बुडबुडा नाही. खिट्ट्या सोडल्या. आत पट्टी निळी होती. फिकी नाही, आजच छापल्यासारखी निळी. काडतुसं पिवळीधमक, गोळी आणि नळीच्या सांध्यावर फिरवलेली लाख तुटलेली नाही.

आणि झाकण उचललं त्या क्षणी लवंगेचा वास आला.

हे अहवालात जाणार नाही. सिलिका जेल वाससुद्धा शोषून घेतं. बावीस वर्षं एक वास टिकत नाही. उघडणाऱ्या दोघांना विचारलं, त्यांना आला नाही. मला आला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आज एकोणचाळीस. काल धरून चाळीस. चाळीसही निळ्या.

जुनी रबरी कडी जास्त चांगली असावी, असा अंदाज मी सकाळी लिहिला आणि दुपारी खोडला. रबर जुनं झालं की बिघडतं. ते सुधारत नाही.

मग जे गणित सात तारखेला करायला हवं होतं ते आज केलं. एका फुंकरीत हवा अर्धा लिटर धरली. तिच्यातलं पाणी ग्रॅमचा पन्नासावा भाग. तेही सगळं पेटीत जात नाही, पण जातं असं धरलं. एक कोरडी पिशवी दहा ग्रॅम पाणी सहज शोषते. म्हणजे एका पेटीत पाचशे फुंकरी मारल्या तर पट्टी गुलाबी व्हायचा संभव. काका एक मारत होते.

गणिताला चार मिनिटं लागली. मी प्रत्येक गोष्टीचं गणित करते. याचं का केलं नाही, याचा विचार करते आहे. उत्तर मला आवडत नाही: फुंकर बघून मला किळस आली होती, आणि किळस आली की पुरावा पुरेसा वाटतो.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बारा नंबरने पहिल्या आठवड्यात बंद केलेल्या आठ पेट्या उघडल्या. पाच गुलाबी.

तिथे फुंकर नव्हती.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, हवाच वाईट आहे यंदा. मी म्हटलं, हवा सगळीकडे सारखी आहे. ते म्हणाले, मग तुम्हीच शोधा.

रविवार, २६ ऑक्टोबर

हे सविस्तर लिहिते.

सकाळी आई मीठ भाजत होती. आमच्या घरात मीठ पाझरतं, बरणीत त्याचा दगड होतो, म्हणून ती महिन्यातून एकदा ते कढईत कोरडं भाजते. भाजलेलं मीठ तिने लगेच बरणीत ओतायला घेतलं. मी म्हटलं, गार होऊ दे, बरणी तडकेल.

आई म्हणाली, "गार होईपर्यंत पुन्हा ओलं होतं गं ते. कोमट असतानाच झाकायचं. तापलेलं मीठ तहानलेलं असतं. एवढी शिकलीस आणि..."

वाक्य तिने सोडून दिलं. तिच्या सगळ्या महत्त्वाच्या वाक्यांचं ती असंच करते.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. कढईतून वाफ नव्हे, नुसती ऊब येत होती. मला बोळातली जाळी दिसली. खिडकीतून आत येणारं धुकं आणि त्याच्यात उघड्या पडलेल्या, तहानलेल्या पिशव्या. संध्याकाळपर्यंत तशाच. आणि दारात थांबलेला म्हातारा.

आई म्हणाली, काय झालं, चेहरा का असा? मी म्हटलं, काही नाही. बरणीचं झाकण मी लावलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सकाळी पहिल्यांदा अनुक्रमांक बघितले. पेटीवर ती त्या दिवशी कितवी बंद झाली तो क्रमांक असतो. मी तो वीसही वेळा उतरवून घेतला होता आणि त्याच्याकडे बघितलं नव्हतं. नऊ निळ्या पेट्यांचे क्रमांक बारापर्यंतचे. त्या सकाळी अकराच्या आत बंद झालेल्या. अकरा गुलाबी पेट्यांचे क्रमांक त्यापुढचे. फुंकर सगळ्यांत सारखी होती. जाळीवरचा वेळ सारखा नव्हता.

शिवाय पाचवा मुद्दा. अकराही पेट्यांवर सात नंबर होता, हे खरं. नऊ चांगल्या पेट्यांवरही सातच होता. त्या महिन्यांत दुसरं कुणी बंद करतच नव्हतं. हे वाक्य मी अहवालात लिहिलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. दोन्हींतलं अंतर आज मला मोजता येत नाही.

मग डबा शोधायला भंगारात गेले. नव्हता. परत आले तर लाखमावशी हसत होत्या. त्या काडतुसांच्या सांध्यावर लाख फिरवतात, हात थरथरत नाही, तोंड थांबत नाही. आपल्या बाकाखालून त्यांनी तो डबा ओढून काढला. आत त्यांचे ब्रश. भंगारगाडी आली त्याच दिवशी उचलून आणला म्हणे, इतका चांगला डबा कोण टाकतं.

मी विचारलं, काका तो कसा वापरायचे. मावशींनी सांगितलं त्यात नवीन काही नव्हतं, मला फक्त विचारायचं होतं. भट्टीतून पिशव्या थेट डब्यात, झाकण लगेच, डबा बोळात थांबायचा. गार झाल्यावर डबाच आत न्यायचा आणि एकेक पिशवी काढून दर वेळी झाकण लावायचं. कुणी उघडं ठेवलं तर काका विभागाच्या दुसऱ्या टोकावरून "झाकण!" म्हणून ओरडायचे.

मी म्हटलं, म्हणून झाकणकाका.

मावशी म्हणाल्या, "मग तुम्हाला काय वाटलं, पेट्यांवरून? पेट्या तर सगळेच झाकतात, मीटरबाई."

माझं टोपणनाव मला पहिल्यांदाच तोंडावर ऐकू आलं. वाईट नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

प्रयोग. काल आणि आज. भट्टीतून काढलेल्या सारख्याच पिशव्या, कोरडं वजन साठ ग्रॅम.

उघड्या जाळीवर: एका तासाने बासष्ट, तीन तासांनी सहासष्ट, सहा तासांनी एकाहत्तर.
डब्यात: साठ, साठ, साठ आणि वर काट्याचा एक थरथराट.

वजनकाट्यासमोर सहा तास बसून राहिले. बाहेर धुकं दुपारीही उठलं नाही. पिशवी काही करत नव्हती, जागची हलत नव्हती, आणि तरी जड होत होती. बघता बघता वाटलं की ती ऐकते आहे. खोलीत जे कुणी बोललं ते सगळं तिच्यात जातं आहे.

चाचणीसाठी डब्यातल्या पिशवीची एक पेटी मी स्वतः बंद केली. कडी ब्रशने पुसली, तिरपी करून उजेडात बघितली. एक केस आडवा पडला होता. पुन्हा पुसली, केस सरकला पण गेला नाही. मी वाकून फुंकर मारली. गेला.

झाकण लावल्यावर लक्षात आलं मी काय केलं ते.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

साहेबांना दुसरा अहवाल दिला. पहिला परत घ्यावा, चूक माझ्या जुलैच्या नियमात आहे, सात नंबरचा दोष नाही.

त्यांनी तो एकदाच वाचला. दार लावून घेतलं. मग समजावणीच्या सुरात बोलले. डबा परत वापरा, जाळी काढा, जुलैपासूनच्या पेट्यांत नव्या पिशव्या घाला, कामाचं काम होईल. अहवालांचं काय, ते पडून राहतात. म्हातारा दोन महिन्यांनी तसाही जाणार. तुमची मात्र नोकरीची सुरुवात आहे.

"मीटरबाई," ते म्हणाले, "वर गेलेला अहवाल परत मागणं म्हणजे टपालपेटीत हात घालून पत्र काढणं. हात अडकतो."

मी म्हटलं, अडकू दे.

हे वाचताना कुणाला वाटेल की मी ताडकन म्हटलं. तसं नाही. मधे मी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सेकंदकाटा सहावरून निघून दोनवर पोचला. चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत मी हो म्हणायची वाक्यंही जुळवून पाहिली, आणि ती चांगली जुळत होती.

सोमवार, १० नोव्हेंबर

वरून उत्तर नाही. डबा जागेवर. त्यातल्या पिशव्या घातलेल्या नव्या पेट्यांतल्या पट्ट्या निळ्या आहेत.

बुडबुडे मात्र नवीन. बारा नंबरच्या तीन पेट्यांतून पाण्यात बारीक माळ वर आली, मोत्यांसारखी, बघायला सुंदर. उघडल्या. तिन्ही कड्यांवर ब्रशचा केस.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वरून उत्तर आलं. पहिला अहवाल रद्द. माझ्या नावावर लेखी ताकीद. ती योग्य आहे. तपास बंद.

साहेबांनी पुढचा परिच्छेद बोटाने दाखवला. काढून घेतलेला शिक्का परत द्यायचा तर धारकाने तसा सही करून अर्ज करायला हवा. अर्ज नसेल तर रीतीप्रमाणे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तोडावा. म्हणजे २९ तारीख. दोष नसला तरी शिक्का तुटणार आणि सात नंबर दोषी होता असंच पुढच्या सगळ्यांना दिसणार. तुटलेल्या शिक्क्याखाली कारण लिहिलेलं नसतं.

अर्जाचा नमुना काकांच्या घरी पाठवला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नमुना परत आला. पाकीट उघडलेलं नव्हतं.

साहेब म्हणाले, मी म्हटलं होतं ना. त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काकांच्या घरी गेले. धुकं इतकं की घरांचे नंबर जवळ जाऊन बोटाने वाचावे लागले. काय बोलायचं ते मी चालता चालता मुद्देसूद ठरवलं होतं. सहा मुद्दे.

दार त्यांच्या लेकीने उघडलं. मी कोण ते सांगितलं. तिने मला आत घेतलं हे तिचं मोठेपण. म्हणाली, बाबा झोपलेत.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. काका खिडकीशी खुर्चीवर बसले होते. पाठ माझ्याकडे, ताठ. झोपलेल्या माणसाची पाठ तशी नसते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. त्यांच्या समोरच्या काचेवर, तोंडाच्या उंचीवर, वाफेचा गोल उमटत होता आणि विरत होता. मी तो किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. मोजलं नाही.

लेकीने पाणी दिलं. पेल्यावर वाटी झाकलेली होती. फळीवर बरण्या होत्या, सगळ्यांची झाकणं घट्ट. मी पाणी प्यायले, वाटी पुन्हा पेल्यावर ठेवली आणि बरं, म्हणून निघाले. सहापैकी एकही मुद्दा बोलले नाही. मला बोलता आलं नाही. लिहिता येतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आईला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, जाळी, फुंकर, घड्याळ, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, तो जेवतो का नीट? मला माहीत नव्हतं.

मग म्हणाली, लिही त्याला. साहेबाला लिहितेस तसं नको लिहूस. मी म्हटलं, मला तसंच येतं. ती म्हणाली, मग तसंच लिही, पण त्याला लिही.

आज खिडकी दोघींनीही उघडी ठेवली. नंतर थंडी वाजली म्हणून मी लावली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पत्र स्वतः नेऊन लेकीच्या हातात दिलं. नक्कल:

काका,

१. चूक माझी होती. पिशव्या उघड्या जाळीवर गार करायचा नियम मी केला.
२. तुम्ही मला नऊ ऑक्टोबरला दारात थांबून सांगितलं होतं. मी ते ऐकलं, माझ्या वहीत उतरवूनही ठेवलं, पण समजून घेतलं नाही.
३. तुमच्या एका फुंकरीतली ओल पिशवीला कळतही नाही. हे गणित मी अहवालाआधी करायला हवं होतं. नंतर केलं.
४. तुमच्या चाळीस जुन्या पेट्या उघडल्या. सर्वात जुनी बावीस वर्षांची. चाळीसही निळ्या होत्या. हे आता लेखी आहे आणि वर गेलं आहे.
५. ब्रशचा केस ब्रशने जात नाही, हे तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. बारा नंबरच्या तीन पेट्या त्यानेच गळाल्या. आता कडीवर हवा सोडायला एक रबरी फुगा आणला आहे. त्याने तीनपैकी एक केस राहतो. तुमच्या फुंकरीने राहत नव्हता. ती कोणत्या कोनातून मारायची ते बारा नंबरला दाखवावं लागेल. मला येत नाही. माझी एकदाच बरोबर पडली.
६. डबा परत जागेवर आहे. त्याचं झाकण एका बाजूला उचलून येतं. लाखमावशी म्हणतात तुम्ही ते दाबून थोडं फिरवायचात. कुठल्या बाजूला, ते कुणालाच माहीत नाही.
७. माझ्या नावावर ताकीद आली आहे. ती तुम्हाला कळावी म्हणून लिहिते. त्याने तुमचे सात आठवडे परत येत नाहीत.

सोबत शिक्का परत मिळण्याचा अर्ज आहे. तो मी भरला आहे, सही तेवढी तुमची. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा. नसेल करायची तर नुसतं नाही म्हणून कळवलं तरी चालेल, मी पुन्हा येणार नाही. पण काहीतरी कळवा. शनिवारी सकाळी आठला लोहार काम सुरू करतो, आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर आदल्या दिवशी असावा लागतो.

कृपया उत्तर शुक्रवार, २८ तारखेला दुपारी चारपर्यंत द्यावे.